जानेवारीतली पाहणी

नानांच्या खिडकीत एक चिमणी होती. उडणारी नव्हे, रॉकेलवर पेटणारी, पत्र्याची, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढी. २०५१ साल उजाडलं होतं, रॉकेल बाजारातून कधीच नाहीसं झालं होतं, आणि तरीही नाना दर रविवारी ती चिमणी फडक्यानं पुसून परत खिडकीत ठेवायचे. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा एक बॅग, एक काठी आणि ही चिमणी एवढंच सामान होतं. लेकीनं एकदोनदा चिमणीबद्दल विचारून पाहिलं. "असू दे, सरकारी आहे," असं म्हणून ते विषय मिटवायचे.

नाना म्हणजे रंगनाथ दहातोंडे, निवृत्त तलाठी. वय त्र्याऐंशी, गुडघे गेलेले, कान शाबूत. हेमांगी त्यांची एकुलती एक लेक. जुन्नरच्या वरच्या अंगाला एका पठारावर ग्रहशोध केंद्र आहे, तिथं ती चोवीस वर्षं नोकरीला होती. नाव ऐकून लोकांना वाटे, तिथं मोठी दुर्बीण असणार. तिथं होतं गवत, वारा आणि एक बरं कँटीन. दुर्बीण होती पंधरा लाख किलोमीटरवर, अंतराळात. केंद्रात फक्त तिचे आकडे उतरायचे.

फेब्रुवारीतली ती संध्याकाळ होती. हेमांगी चहाचे दोन कप घेऊन नानांच्या खोलीत आली. नाना नेहमीप्रमाणे बशीत ओतून प्यायला लागले.

"उद्या सही करायची आहे, नाना. अकरा-ब संपला."

अकरा-ब हा तिचा ग्रह. बेचाळीस प्रकाशवर्षांवर, आपल्या सूर्यासारख्याच एका ताऱ्याभोवती फिरणारा. तिनंच त्याचा माग काढला होता, म्हणून त्याचा निकाल तिच्या सहीशिवाय लागत नव्हता. नाना त्याला 'तुझं गाव' म्हणत.

"म्हणजे काय निघालं?"

"बेचिराख."

केंद्रात ग्रहांचे तीन वर्ग होते. पहिला वस्तीयोग्य, दुसरा संशयित, आणि तिसरा नुसताच तीन नंबर. त्या तिसऱ्याला बेचिराख हे नाव हेमांगीनंच दिलेलं. ज्या गावात माणूस राहत नाही, दिवा लागत नाही, त्याच्यापुढे महसूल खात्याच्या दप्तरात हा शब्द लिहितात. लहानपणी नानांच्या कागदांत तिनं तो वाचला होता आणि तिला तो फार भारदस्त वाटला होता.

"पाणी नाही का?" नानांनी विचारलं. एखाद्या गावाची चौकशी करावी तसे ते ग्रहाची चौकशी करत.

"आहे, पण गोठलेलं. हवा आहे, त्यात प्राणवायू सापडत नाही. जमीन पांढरी नि करडी. हिरवं, पिवळं, काही म्हणजे काही नाही."

"किती वेळा बघितलं?"

"अकरा वेळा! अकरा वर्षं, नाना. एका ठिपक्यावर एवढे डोळे कुणी फोडले नसतील. तुमचीच लेक आहे मी. चावडीत बसून नाही लिहिलं, जागेवर जाऊन लिहिलं."

हे तिनं कौतुकानं म्हटलं होतं. पंचक्रोशीत नानांची ख्याती तीच होती. इतर तलाठी खुर्चीवर बसून पाहणी उरकत; दहातोंडे भाऊसाहेब चालत जात. पण नानांनी बशी खाली ठेवली.

"कोणत्या महिन्यात?"

"जानेवारीत."

"दर साली?"

"दर साली. तेव्हाच तो दिसतो."

नाना काठीचा आधार घेऊन उठले, खिडकीतली चिमणी उचलली आणि लेकीच्या कपाशेजारी आणून ठेवली.

"आवळदरा म्हणून एक गाव होतं माझ्या सज्ज्यात, माझ्याकडं जी गावं होती त्यांत," ते म्हणाले. "डोंगराच्या पोटात. पस्तीस उंबरे. दोन हजार नऊची गोष्ट. मी दर जानेवारीत पाहणीला जायचो. लागोपाठ चार सालं गेलो. चारी वेळा दारांना काट्या लावलेल्या, चुलीतली राख गार, कुत्रंसुद्धा नाही. वरून पत्र आलं, ओस गावं कळवा. मी लिहून दिलं, बेचिराख."

"मग?"

"माणसं ऊसतोडीला गेलेली असायची. दसरा झाला की अख्खं गाव गाड्या जुंपून कारखान्यावर, ते पाडव्याला परत. पुढचे सहा महिने तिथं लेकरं, बाजरी, जत्रा, भांडणं, सगळं चालायचं. मला ते कधी दिसलंच नाही. शेजारच्या गावात एका माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं, हेमे. पण मी डोळ्यांनी बघितलं होतं ना! मग विचारायचं कशाला?"

नानांची ही गोष्ट हेमांगीला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होती.

"पाडवा झाला आणि एक बाई चावडीत आली. कौसाबाई. भर दुपारी. पायरीवर तिनं ही चिमणी पेटवली, पदराआड धरून आत आणली आणि माझ्या दप्तरावर ठेवली. म्हणली, 'भाऊसाहेब, दिवा हाय. आता लिव्हा.'"

"लिहिलंत?"

"त्याच दिवशी लिहिलं. पण लिहायला एक दिवस लागतो आणि खोडायला सहा वर्षं. तोवर शाळा उठली, गुरुजी दुसऱ्या गावाला गेले. कौसाबाईची पोरगी पहिलीत होती." नानांनी लेकीकडे पाहिलं. "तू पण पहिलीतच होतीस तेव्हा. ती काही पुढं शिकली नाही."

चहावर साय धरली होती. तो कुणी प्यायला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी केंद्रात गेली ती सही न करताच आपल्या टेबलाशी बसली आणि अकरा वर्षांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या.

ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. ताऱ्याचा उजेड त्याच्यावरून परत फिरतो, तोही ताऱ्याच्या मानानं अब्जावधी पटींनी मंद. उन्हात समोरून कोण येतंय ते बघायला आपण कपाळावर हात आडवा धरतो, तसाच एक आडोसा इथं केलेला होता. दुर्बिणीसमोर, हजारो किलोमीटर पलीकडे, पाकळ्यापाकळ्यांच्या कडेचा एक भला थोरला पडदा तरंगत होता. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं; केंद्रात सगळे त्याला छत्री म्हणत. छत्री ताऱ्याच्या बरोबर आड आली की शेजारी एक ठिपका उरायचा. ठिपक्यावर डोंगर दिसत नाहीत की समुद्र दिसत नाहीत. पण त्याचा उजेड रंगारंगांत फाकवला, की मधे मधे काळ्या फटी सापडतात. पाण्याची वाफ आपल्या आवडीचा रंग गिळते, प्राणवायू आपल्या, मिथेन आपल्या. कुठला रंग गिळला गेला यावरून तिथल्या हवेत कोण आहे ते कळतं. जमिनीवरून परतलेल्या रंगांवरून जमीन कसली आहे तेही थोडंफार कळतं.

छत्री मात्र नाजूक. तिच्या आतल्या अंगावर आपल्याच सूर्याची तिरीप पडली की सगळं बिघडतं. म्हणून कुठल्याही ताऱ्याकडे वर्षातून दोनदाच बघता येतं. अकरा-बच्या बाबतीत एक वेळ जानेवारीतली; दुसरी जूनच्या अखेरीला. पण ग्रहाची वाट लांबुळकी, जूनमध्ये तो ताऱ्याच्या लखलखाटाला इतका चिकटलेला असायचा, की छत्रीखाली ताऱ्याबरोबर तोही झाकला जायचा. म्हणून जून सगळ्यांनी सोडूनच दिला होता.

आणि अकरा-बचं वर्ष होतं तीनशे सदुसष्ट दिवसांचं. आपल्यापेक्षा जेमतेम पावणेदोन दिवसांनी मोठं. म्हणजे दर जानेवारीत आपण बघायला जावं, तर तो ग्रह फिरून फिरून त्याच जागी आलेला. त्याच्या आसाचा कल आपल्या पृथ्वीपेक्षा जास्त, सगळी जमीन एका अंगाला, आणि ते अंग तेव्हा ताऱ्याकडे पाठ करून हिवाळ्यात झोपलेलं. अकरा वर्षांत फरक पडला होता तो वीस दिवसांचा. अकरा वेळा बघितलं म्हणून ती मिरवत होती. खरं तर तिनं एकच हिवाळा अकरा वेळा बघितला होता.

हे सगळे आकडे हेमांगीला तोंडपाठ होते. ते एकाखाली एक लिहायचे राहिले होते, इतकंच.

प्राणवायू नाही हेही काही शेवटचं उत्तर नव्हतं. आपल्या पृथ्वीवरसुद्धा जीव जन्मल्यावर कोट्यवधी वर्षं हवेत प्राणवायू साठला नव्हता. शेवाळासारखे थर चिखलावर पसरायचे आणि आपल्या रंगानं जमीन रंगवायचे, बस.

ती फाईल घेऊन संचालकांकडे गेली. डॉ. चिटणवीस नागपूरच्या, शांत स्वभावाच्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"जूनमध्ये दिसेल कसा, पण?"

"छत्री दुप्पट लांब न्यायची. लांब गेली की दुर्बिणीला ती लहान दिसेल. तारा झाकेल, ग्रह कडेबाहेर राहील. नऊ दिवस मिळतील."

"आणि गॅस?"

हेमांगीला उत्तर ठाऊक होतं. छत्रीला हलवणारा गॅस संपत आला होता. एक मोठा प्रवास, त्यानंतर ती कायमची थांबणार. तो प्रवास कुणासाठी राखला होता हेही तिला ठाऊक होतं. ग्लॅडिस डाबरेच्या सत्तेचाळीस-कसाठी.

"नियम सरळ आहे," चिटणवीस म्हणाल्या. "तू तीन नंबर लिहिलंस तर छत्री ग्लॅडिसकडे जाईल. संशयित लिहिलंस तर अपुरं प्रकरण आधी पुरं करावं लागेल. मी तुला काही सांगणार नाही, हेमांगी. सही तुझी आहे."

ग्लॅडिस आणि ती एकाच दिवशी नोकरीला लागल्या होत्या. ग्लॅडिस वसईची. घरी जाऊन आली की नानांसाठी सुकेळ्यांची पुडी ठरलेली. ती गोड वाळकी केळी चघळत नाना अर्धा तास वसईचं गुणगान करत. ग्लॅडिसचा ग्रह म्हणजे अजून त्याच्या ओढीनं ताऱ्यात उठणारा नुसता एक थरथराट होता. तो आहे एवढं कळलं होतं. त्याचा उजेड कुणी बघितला नव्हता.

हेमांगीनं तिला कँटीनच्या ओट्यावर गाठून सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

"अकरा वर्षं छत्री तुझ्याकडे होती," ग्लॅडिस म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माझ्याकडे एकदाही नाही. मी ओळीत उभी आहे, हेमा. आता खिडकीशी आले तर तू म्हणतेस, थांब, माझं पुन्हा एकदा बघायचंय."

"माझं चुकीच्या वेळी बघितलं गेलं."

"माझं बघितलंच गेलं नाही."

दोन दिवस हेमांगी कागद घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिनं 'संशयित' लिहिलं आणि सही केली. ग्लॅडिस त्यानंतर तिच्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाली. निरोप लेखी यायचे.

*

छत्री निघाली. तिच्या चालीला घाई नव्हती. ती चार महिने नुसती सरकत होती. पठारावर करवंदं येऊन गेली, वळिवाच्या सरी पडल्या, गवताला पोपटी कोंब फुटले. नाना दुपारी आरामखुर्चीत डुलक्या घेत आणि जागे झाले की अर्धवट झोपेतलं काहीतरी सांगत.

"मी आत्ता तुझ्या गावाला जाऊन आलो."

"कसं आहे?"

"अंगणं सारवलेली आहेत. कुणी दिसलं नाही, पण अंगणं ओली होती."

हेमांगीला हसू यायचं, आणि मग ती स्वतःच त्या ओल्या अंगणांत हिंडत बसायची. तिला वाटायचं, तिथं दिवस लांब असेल, ऊन तांबूस असेल, बर्फ वितळून पाणी खडकांवरून घरंगळत असेल. कुणी नसेल बघायला. बघायला कुणी नसलं तरी पाणी घरंगळतंच, हा विचार तिला का कोण जाणे, फार गोड वाटायचा. मग एकदम ग्लॅडिसचं बंद दार आठवायचं आणि गोडी उतरायची.

जूनच्या अखेरीला छत्री जागेवर पोचली. नऊ दिवसांपैकी पहिले तीन दिवस ठिपका लागला नाही. चौथ्या दिवशी लागला. हेमांगीनं केंद्राची गाडी पाठवून नानांना बोलावून घेतलं. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर धुकं पठाराला टेकलं होतं, आणि पडद्यावर उजेडाची रेघ हळूहळू उमटत होती. पांढरीकरडी नव्हती ती. वाफेच्या फटी खोल होत्या. आणि तांबड्याच्या अलीकडे, जिथं अकरा वर्षं रेघ सपाट झोपलेली होती, तिथं ती एक पायरी चढली.

त्या जागी ती पायरी दगडाची नसते, बर्फाची नसते, मातीची नसते. सहाव्या दिवशी पायरी तिथंच होती. नवव्या दिवशीही.

"काय आहे ते?" नानांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार. पण शेवाळासारखं काहीतरी जमिनीवर पसरतंय. जांभळट. हिवाळ्यात बर्फाखाली जातं, उन्हाळ्यात वर येतं."

"हा उजेड कधीचा?"

"बेचाळीस वर्षांपूर्वीचा." म्हणताना तिचं तिलाच उमगलं आणि ती थांबली. "दोन हजार नऊचा, नाना."

नाना त्या पायरीकडे बघत होते. कौसाबाईनं चिमणी दप्तरावर ठेवली, त्याच सुमाराला तिकडून हे निघालं होतं आणि आज इथं पोचलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि डोळेही पुसले. हेमांगीनं त्यांचा हात धरला. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

*

पुढचे पंधरा दिवस केंद्रात नुसती धामधूम होती. फोन, पेढे, कॅमेरे. अकरा-ब वर्ग एकमध्ये गेला. छत्रीचा गॅस संपला आणि ती तिच्या जागी कायमची थांबली. हेमांगी रोज उशिरा घरी यायची, दमलेली आणि तरंगत असलेली.

एका रविवारी नाना चिमणी पुसत बसले होते. मधेच म्हणाले, "यंदा सुकेळी आली नाहीत."

"ग्लॅडिस बोलत नाही माझ्याशी."

"हं." फडकं फिरत राहिलं. "तिच्या गावाला कोण गेलं मग?"

"कोण जाणार? छत्री संपली. नवी दुर्बीण यायला पंधरा वर्षं तरी लागतील."

"नव्या दुर्बिणीवाले कुठं कुठं बघतील?"

"आम्ही यादी देऊ तिथं. वर्ग एक, वर्ग दोन."

"आणि तिचा ग्रह कितव्या वर्गात?"

हेमांगी उत्तर द्यायला गेली आणि तिला यादीचा नियम आठवला. यादी मंगळवारी बंद होणार होती. ज्यांची पाहणी झालेली नाही ते ग्रह संगणक आपोआप तिसऱ्या वर्गात टाकायचा, रकाना रिकामा राहायला नको म्हणून. असे एकूण छत्तीस ग्रह होते. तो नियम दहा वर्षांपूर्वीच्या एका बैठकीत झाला होता. बैठकीच्या इतिवृत्ताखाली तिचीही सही होती.

"तीनमध्ये," ती हळूच म्हणाली.

"काय लिहितेस तू त्याला? बेचिराख." नानांनी फडकं खाली ठेवलं. ते रागावले नव्हते. "मी निदान चालत तरी गेलो होतो, हेमे."

हे तिला लागलं. ती तशीच उठून आत गेली, आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाली, "नाना, ही चिमणी मला द्या."

सोमवारी ती सकाळी सातला केंद्रात पोचली. चिटणवीसबाईंच्या दारात उभी राहिली आणि त्या आल्या तशी त्यांच्यामागोमाग आत गेली. तासभर वाद झाला. चौथा वर्ग हवा, असं तिचं म्हणणं. यादीत चौथा वर्ग कधी नव्हता, असं बाईंचं. शेवटी बाई म्हणाल्या, "छत्तीस शेरे हातानं लिहावे लागतील. प्रत्येकाखाली कारण आणि सही, माग काढणारा इथं असेल तर त्याची, नसेल तर तुझी. संगणक घेणार नाही."

"लिहिते."

दुपारी दीडपर्यंत ती लिहीत होती. प्रत्येक ग्रहापुढचा तीन नंबर खोडायचा आणि लिहायचं: पाहणी झालेली नाही, वस्ती नाही असे समजू नये. मग सही, तारीख. हात भरून आला. शेवटचा कागद तिनं मुद्दाम राखून ठेवला होता.

तो कागद, चिमणी, गोड्या तेलाची लहान बाटली आणि काड्यापेटी एवढं घेऊन ती ग्लॅडिसच्या खोलीशी गेली. दाराबाहेर उभं राहून तिनं चिमणी काठोकाठ भरली आणि वात पेटवली. तेलावर ती धुरकट पेटली, पण पेटली. ओढणीआड धरून ती आत गेली.

ग्लॅडिस खिडकीकडे तोंड करून डबा खात होती. तिनं वळून बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या दोघी इतक्या जवळ होत्या.

हेमांगीनं चिमणी तिच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी सत्तेचाळीस-कचा कागद.

"तुझी छत्री मी घेतली," ती म्हणाली. "ती परत देता येणार नाही. तुझ्या ग्रहापुढे बेचिराख लिहिलं जाणार होतं, ते मी खोडलंय. पुढचे येतील त्यांना बघावं लागेल. खाली तुझी सही लागते. ती तुझ्याशिवाय कुणाची चालत नाही."

ग्लॅडिसनं कागद वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. वरती पंखा गरगरत होता, ज्योत एका अंगाला झोपून विझायच्या बेताला आली होती आणि हेमांगी दोन्ही हातांचा आडोसा धरून उभी होती.

ग्लॅडिसनं पेन शोधलं नाही. तिनं उठून आधी पंखा बंद केला.